तहाच्या कागदावर दूरच्यांची सही

सप्टेंबर १९९२ मध्ये इस्तंबूलला कौन्सिल ऑफ युरोपची बैठक भरली होती. आर्मेनियाला सोव्हिएत संघातून बाहेर पडून जेमतेम वर्ष झालेलं. काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या डोंगराळ भागासाठी अझरबैजानशी युद्ध चालू होतं, अझरबैजानकडून येणारी रेल्वे आणि गॅस बंद होता, राजधानी येरेवानमधल्या घरांत दिवसातून तास-दोन तास वीज यायची. त्या वर्षांतल्या थंडीत लोकांनी बागेतली झाडं तोडली, घरातल्या लाकडी फरश्या उखडून जाळल्या. पोटाला गहू हवा होता आणि तो युरोपातून तुर्कस्तानमार्गे आणण्याची खटपट चालली होती. अशा वेळी आर्मेनियाचे परराष्ट्रमंत्री राफी होव्हानिस्यान त्या बैठकीत उभे राहिले आणि यजमान तुर्कस्तानला त्याच्याच घरात खडे बोल सुनावून खाली बसले. काही आठवड्यांतच त्यांना पद सोडावं लागलं.

होव्हानिस्यान तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. जन्म कॅलिफोर्नियातला, वकिली लॉस एंजेलिसमधली. वडील आर्मेनियाच्या इतिहासाचे नामवंत अभ्यासक. ओटोमन तुर्कस्तानात १९१५ मध्ये झालेल्या आर्मेनियनांच्या वंशसंहाराची गोष्ट त्या घरात रोज बोलली जात असणार. गंमत म्हणजे त्यांचा राजीनामा घेणारे राष्ट्राध्यक्ष लेव्हॉन तेर-पेत्रोस्यान हेही जन्माने परदेशातलेच. सीरियातल्या अलेप्पोत जन्मलेले, तान्हेपणी आईवडिलांबरोबर सोव्हिएत आर्मेनियात आलेले. त्यामुळे हे आतले विरुद्ध बाहेरचे असं सरळ भांडण नव्हतंच. परराष्ट्र धोरण कशावर बेतायचं, मागे झालेल्या संहारावर की पुढ्यात आलेल्या हिवाळ्यावर, यावरचा तो वाद होता. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं होती, आणि आजही आहेत.

मी बरीच वर्षं ग्लेंडेलमध्ये राहते. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या या शहरात जवळपास दर तिसरा माणूस आर्मेनियन वंशाचा आहे. दुकानांच्या पाट्या आर्मेनियन लिपीत आहेत आणि एका रस्त्याचं नाव २०१८ मध्ये बदलून ‘अर्त्साख’ केलं गेलं. काराबाखचं हे आर्मेनियन नाव. माझ्या शेजारचे आजोबा बैरूतच्या बुर्ज हमूद वस्तीत वाढले. त्यांचे आईवडील अनातोलियातल्या खारपेर्तचे. म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले, आजच्या आर्मेनियातले नव्हेत. कोपऱ्यावरच्या बेकरीत बसणाऱ्या बाई आर्मेनियातल्या ग्युमरीच्या. १९८८ च्या भूकंपात त्यांचं घर पडलं, पुढे त्या इथे आल्या, भाऊ अजून तिकडेच आहे. दोघंही आर्मेनियन, दोघंही दर रविवारी त्याच चर्चमध्ये जातात. पण तुर्कस्तानची सीमा उघडावी का, असं विचारलं तर आजोबा आधी १९१५ ची कबुली मागतात आणि बाई विचारतात, भावाचा माल किती वर्षं जॉर्जियाला वळसा घालून जाणार?

या दोघांमधलं अंतर कळल्याशिवाय आर्मेनियाच्या परराष्ट्र धोरणाची गेली तीस वर्षं समजत नाहीत. अमेरिका, फ्रान्स, लेबनॉनमधले संघटित आर्मेनियन बहुतांशी ओटोमन साम्राज्यातून हाकलल्या गेलेल्यांचे वंशज आहेत. त्यांची बोली पश्चिमेची, त्यांची गावं वान, सिवास, खारपेर्त. १९९१ मध्ये जो देश स्वतंत्र झाला तो पूर्वेचा, रशियन साम्राज्याच्या वाट्याला आलेला तुकडा. महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याएवढा, तीस लाखांच्या आसपास वस्तीचा. बाहेर त्याच्या दुपटीहून अधिक माणसं. त्या बाहेरच्यांनी या तुकड्याला आपली मायभूमी मानलं, तिच्यासाठी पैसा ओतला, काहींनी प्राणही दिले. पण आठवण मात्र त्यांनी दुसऱ्याच गावांची जपली होती. रशियात याहूनही मोठा आर्मेनियन समाज आहे. त्यातले पुष्कळ जण आजच्या आर्मेनियातून रोजगारासाठी गेलेले, घरी पैसे पाठवणारे. मायदेशाच्या परराष्ट्र धोरणावर दबाव आणणाऱ्या त्यांच्या संघटना मात्र फारशा दिसत नाहीत. ज्यांचं घर खरोखर तिथे आहे त्यांचा आवाज बारीक, आणि ज्यांचं घर सीमेपलीकडे बुडालं त्यांचा आवाज मोठा.

नसलेल्या देशासाठी दूर बसून धोरण आखणं ही आर्मेनियनांची फार जुनी परंपरा आहे आणि तिचं एक टोक आपल्या देशात आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासमधले व्यापारी शहामिर शहामिर्यान यांनी भावी स्वतंत्र आर्मेनियाच्या राज्यघटनेचा मसुदा तयार करवून तिथेच छापला. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिकही १७९४ मध्ये मद्रासलाच निघालं. मुंबईत फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटवर आर्मेनियनांचं चर्च उभं राहिलं ते त्याच सुमाराला. मला हे वाचताना नेहमी भरून येतं. ज्यांच्याजवळ राज्य नव्हतं, सैन्य नव्हतं, त्यांनी कापूस-रत्नांच्या व्यापारातून उरलेल्या पैशातून एका देशाची कल्पना जिवंत ठेवली. तेव्हा परदेशस्थांनी मायदेशाच्या राजकारणात बोलूच नये असं म्हणणाऱ्यांशी माझं जुळत नाही. ते बोलले नसते तर कदाचित मायदेशच उरला नसता.

प्रश्न युद्धानंतरचा आहे.

मे १९९४ मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा आर्मेनियन बाजू जिंकली होती. काराबाख तर हाती होतंच, शिवाय भोवतीचे अझरबैजानचे सात जिल्हे पूर्ण किंवा अंशतः ताब्यात आले होते. तिथून आणि काराबाखमधून पाच लाखांहून अधिक अझेरी बेघर झाले. त्याआधी अझरबैजानमधून तीन लाखांहून अधिक आर्मेनियन हाकलले गेले होते. या विजयात परदेशस्थांचा वाटा मोठा होता. कॅलिफोर्नियातल्या व्हायसेलियाला जन्मलेला मॉन्टे मेल्कोन्यान काराबाखमध्ये मार्तुनीच्या आघाडीवर सेनापती होता आणि जून १९९३ मध्ये लढाईत पडला. वॉशिंग्टनमध्ये आर्मेनियन संघटनांनी १९९२ च्या कायद्यात कलम ९०७ घालून घेतलं. अझरबैजानच्या सरकारला अमेरिकेची थेट मदत त्यामुळे बंद झाली. तेल असलेल्या देशाला नाही आणि अंधारात बसलेल्या देशाला मदत, हे अमेरिकेसारख्या देशाकडून करवून घेणं हा साधा पराक्रम नव्हे.

तेर-पेत्रोस्यान यांना मात्र त्या विजयाची मुदत दिसत होती. सात जिल्हे आधी परत करावेत आणि काराबाखच्या दर्जाचा प्रश्न नंतर सोडवावा, अशी टप्प्याटप्प्याची तडजोड त्यांनी १९९७ मध्ये उघडपणे मांडली. शेजारी श्रीमंत होत जाणार, आपण नाही, आज जे मिळेल ते उद्या मिळणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. त्यांना खाली खेचणारे संरक्षणमंत्री वाझगेन सर्गस्यान, काराबाखहून आलेले रॉबर्ट कोचार्यान आणि सर्झ सर्गस्यान हे सगळे देशातलेच होते. परदेशस्थांनी तेर-पेत्रोस्यान यांना पाडलं असं पुष्कळदा लिहिलं जातं, ते मला पटत नाही. पण परदेशात पाळंमुळं असलेल्या दाश्नाक पक्षावर त्यांनी १९९४ मध्ये घातलेली बंदी त्यांच्या राजीनाम्यानंतर काही दिवसांतच उठली, आणि नवे राष्ट्राध्यक्ष कोचार्यान यांनी वंशसंहाराला जगाची मान्यता मिळवणं हे आर्मेनियाच्या परराष्ट्र धोरणात अधिकृतपणे घातलं. कोण कुणाकडे आधार शोधत होतं ते त्यातून कळतं.

परदेशस्थांचा खरा प्रभाव माझ्या मते निराळ्याच ठिकाणी होता. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘हायस्तान’ निधीसाठी दर थँक्सगिव्हिंगला लॉस एंजेलिसहून टेलिथॉन, म्हणजे टीव्हीवरून देणग्या गोळा करण्याचा कार्यक्रम, चालायचा. त्या पैशातून आर्मेनियातलं गोरिस ते काराबाखची राजधानी स्तेपानाकेर्त हा डोंगरातला रस्ता पक्का झाला, शाळा झाल्या, पाणी आलं. फ्रेस्नोत जन्मलेल्या अब्जाधीश कर्क कर्कोरियन यांच्या प्रतिष्ठानाने आर्मेनियातले रस्ते केले. या प्रत्येक कामाबद्दल मला आदर आहे. पण त्यातून एक गोष्ट झाली जी कुणी ठरवली नव्हती. तह न करता दिवस काढणं परवडू लागलं. तुर्कस्तानने एप्रिल १९९३ मध्ये सीमा बंद केली, अझरबैजानची बंदच होती. एरवी अशा कोंडीत सापडलेल्या छोट्या देशाला पाच-सात वर्षांत वाटाघाटीला बसावंच लागलं असतं. इथे दर वर्षी मदत पोचत राहिली आणि सात जिल्हे हे तहात द्यायचं नाणं न राहता नकाशावरची मुक्तभूमी झाले. वीतभरही जमीन देणार नाही, ही घोषणा येरेवानपेक्षा आमच्या ग्लेंडेलमध्ये सोपी होती. इथल्या कुणाच्या मुलाला सक्तीच्या दोन वर्षांच्या लष्करी नोकरीवर त्या जमिनीवर जाऊन उभं राहायचं नव्हतं.

दरम्यान अझरबैजानची राजधानी बाकू, तिथलं तेल २००६ पासून आर्मेनियाला वळसा घालणाऱ्या नळातून भूमध्य समुद्राकडे वाहू लागलं. काही वर्षांतच अझरबैजानचा एकट्या संरक्षणाचा खर्च आर्मेनियाच्या संपूर्ण अंदाजपत्रकाच्या पुढे गेला. कलम ९०७ ही २००२ पासून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जवळजवळ दर वर्षी तहकूब करत आले, कारण अफगाणिस्तानच्या युद्धासाठी त्यांना अझरबैजानचं आकाश हवं होतं.

२००९ ची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. आदल्या वर्षी फुटबॉलच्या सामन्याचं निमित्त करून तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला गुल येरेवानला येऊन गेले होते. त्यातून पुढे झुरिचमध्ये १० ऑक्टोबर २००९ रोजी दोन करारांवर सह्या झाल्या. राजनैतिक संबंध जोडायचे, सध्याची सीमा मान्य करायची, करार लागू झाल्यावर दोन महिन्यांत ती उघडायची आणि इतिहासाच्या कागदपत्रांची तपासणी करायला एक उपसमिती नेमायची. शेवटच्या कलमाने आग लागली. ज्यांच्या आज्या सीरियाच्या वाळवंटातून चालत आल्या त्यांना आता त्या खरंच चालल्या का हे समितीने ठरवायचं, असा त्याचा अर्थ परदेशस्थांनी घेतला. तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तुर्कस्तानच्या सरकारांनी दशकानुदशकं ‘हे इतिहासकारांवर सोपवा’ असं म्हणूनच प्रश्न टाळला होता.

सह्यांपूर्वी राष्ट्राध्यक्ष सर्झ सर्गस्यान पॅरिस, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, बैरूत आणि रोस्तोव असा दौरा करून आले. एका सार्वभौम देशाचा प्रमुख तह करण्याआधी परक्या देशांच्या नागरिकांची समजूत घालायला जगभर हिंडतो, हे दुसरीकडे क्वचितच घडलं असेल. पॅरिसमध्ये संगीतकार कोमितास यांच्या पुतळ्यापाशी त्यांच्या तोंडावर ‘गद्दार’ म्हणून ओरडलं गेलं आणि पोलिसांना गर्दी हटवावी लागली. लॉस एंजेलिसला हॉटेलबाहेर हजारो लोक जमले. शेजारचे आजोबा त्या गर्दीत होते, आणि त्याबद्दल ते आजही ठामपणे बोलतात. बेकरीतल्या बाई गेल्या नाहीत. त्यांच्या ग्युमरीपासून तुर्कस्तानातलं कार्स हाकेच्या अंतरावर आहे, मधला रेल्वेमार्ग १९९३ पासून गंजत पडलेला.

ते करार कधीच मंजूर झाले नाहीत. त्याचं खापर मी परदेशस्थांवर फोडणार नाही. बाकूने डोळे वटारले आणि तुर्कस्तानने आधी काराबाखचं काही करा अशी अट पुढे आणली, तिथेच ते मेले. मात्र परदेशस्थांच्या संतापाचा एक परिणाम उरला: येरेवानमध्ये कोणताही नेता पुढची दहा वर्षं तडजोड हा शब्द उच्चारायला धजला नाही.

मग २०२० चा सप्टेंबर उजाडला आणि अझरबैजानशी पुन्हा युद्ध पेटलं. चव्वेचाळीस दिवसांत तुर्की ड्रोननी सगळा हिशेब पुसला. काराबाखमधलं शुशी शहर पडलं, सात जिल्हे गेले, आर्मेनियन बाजूची तीन हजार आठशेंहून अधिक माणसं मेली, त्यातली कितीतरी अठरा-वीस वर्षांची. त्या दिवसांत ग्लेंडेल झोपलं नव्हतं. हमरस्ते अडवले गेले, लहान मुलांनी खाऊचे डबे फोडून पैसे दिले, ‘हायस्तान’ निधीत सतरा कोटी डॉलरहून अधिक जमा झाले. पुढे त्यातला मोठा भाग सरकारी तिजोरीत वळवला गेल्याचं कळलं तेव्हा इथे फार दुखावले गेले लोक.

त्यानंतर पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०२१ ला, जो बायडन यांनी वंशसंहार हा शब्द राष्ट्राध्यक्ष म्हणून अधिकृतपणे वापरला. अमेरिकी काँग्रेसने तो ठराव २०१९ मध्येच केला होता. अर्ध्या शतकाच्या चिकाटीचं फळ हाती आलं ते शुशी गेल्यावर. आजोबा त्या दिवशी रडले. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि त्या रडण्यात आनंद किती आणि दुसरं काय काय होतं, हे मला सांगता येणार नाही. पण ज्या वॉशिंग्टनने हा शब्द दिला त्याला युद्ध थांबवता आलं नव्हतं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

दोन महिन्यांनी आर्मेनियात निवडणूक झाली. युद्ध हरलेले पंतप्रधान निकोल पाशिन्यान सुमारे चौपन्न टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आले. दाश्नाकांना बरोबर घेऊन लढलेल्या कोचार्यान यांच्या आघाडीला एकवीस टक्के मिळाली. इथे ज्याला गद्दार म्हटलं जात होतं त्याला तिथे, मुलगे पुरून आलेल्या लोकांनी, पुन्हा बसवलं. देशाबाहेर राहणाऱ्याला मतदानासाठी आर्मेनियात जावं लागतं, परदेशातून मत देता येत नाही. पूर्वी मला हा नियम कठोर वाटायचा. त्या निकालानंतर तसा वाटत नाही.

पुढची वर्षं ताटातुटीची आहेत. २०२२ च्या जुलैत फ्रान्समधल्या आर्मेनियन संघटनांचे एक प्रमुख नेते मुराद पापाझियान यांना येरेवानच्या विमानतळावरून परत पाठवण्यात आलं. मला ही गोष्ट लाजिरवाणी वाटली. टीका केली म्हणून आपल्याच माणसाला दार बंद करणं हे दुबळेपणाचं लक्षण. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रागला पाशिन्यान यांनी अझरबैजानची सोव्हिएतकालीन सीमा मान्य केली, म्हणजे काराबाख अझरबैजानचं हे मानल्यासारखंच झालं. मग महिनोन्महिने काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा रस्ता अडवला गेला, काराबाखमध्ये दुकानं ओस पडली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये एका दिवसाच्या लढाईनंतर एक लाखाहून अधिक माणसं, म्हणजे जवळजवळ सगळाच समाज, त्याच रस्त्याने बाहेर पडला. त्यातला काही भाग टेलिथॉनच्या पैशातून बांधलेला होता.

पाशिन्यान आता ऐतिहासिक आर्मेनिया सोडा आणि खऱ्या आर्मेनियाचा, नकाशात दिसतो त्या प्रजासत्ताकाचा विचार करा असं सांगतात. मला त्यातलं अर्धं पटतं. तह करण्याचा अधिकार तिथे राहणाऱ्यांचा आहे, यात मला शंका नाही. पण परदेशस्थांनी केवळ आठवणी जपल्या आणि ओझं वाढवलं, हा सूर अन्यायाचा आहे. रशियाने हात वर केल्यावर आर्मेनियाला शस्त्रं देणाऱ्यांत फ्रान्स पुढे आला, आणि फ्रान्समध्ये लाखो आर्मेनियन पिढ्यानपिढ्या नगरपालिकांपासून संसदेपर्यंत बोलत आले नसते तर एखादं युरोपीय सरकार इतकं सरसावलं असतं का? भारताची गोष्ट वेगळी. आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या प्रयोगशाळेत विकसित झालेली पिनाका रॉकेट प्रणाली आर्मेनियाने घेतली, त्यामागे मद्रासच्या व्यापाऱ्यांची पुण्याई नव्हती. तिथे तुर्कस्तान-पाकिस्तान-अझरबैजान या मैत्रीला उत्तर देण्याचा व्यवहार होता.

हे सगळं माझ्या इतकं जवळ का येतं, त्यालाही कारण आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तानमध्ये चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडत होते. इथल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दहा तारखेला शस्त्रसंधीची बातमी आली तेव्हा कित्येकांना राग आला. इतक्यात का थांबलो, पुढे का नाही गेलो. लिहिणारी माणसं वाईट नाहीत. मुलांना शुद्ध मराठी शिकवण्यासाठी ती जिवाचं रान करतात, गावाकडच्या शाळेला पैसे पाठवतात. पण त्याच रात्री पूंछमधली कुटुंबं मेलेल्यांचे दहावे-बारावे आणि चाळिसावे मोजत होती, आणि त्यांना शस्त्रसंधी किती उशिरा आली असं वाटत असणार. मी ग्रुपवर आर्मेनियाबद्दल चार ओळी लिहिल्या. एका दादांनी फोन करून तासभर वाद घातला. शेवटी ते म्हणाले, “ताई, आपण लांब आहोत म्हणून प्रेम कमी आहे का?” मी म्हटलं, प्रेम कमी नाही दादा, जोखीम कमी आहे. त्यांना ते आवडलं नाही, पण फोनही ठेवला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनला आर्मेनिया आणि अझरबैजानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं घातली. काराबाखमधून निघालेल्या लाखभर माणसांच्या परतीचा त्यात मागमूस नाही. काराबाखचे माजी नेते बाकूच्या तुरुंगात गेले. त्यांत मॉस्कोत पैसा कमावून २०२२ मध्ये सगळं सोडून काराबाखला राहायला गेलेले रुबेन वार्दान्यानही होते. येरेवानचं सरकार या दोन्ही गोष्टींवर फार बोलत नाही. बोललं तर करार मोडेल ही त्याची भीती मला खरी वाटते.

आजोबांची नात आता शनिवारी चर्चच्या सभागृहात टेबल मांडून बसते. आमच्या भागाच्या काँग्रेस सदस्यांना पाठवायच्या पत्रावर ती सह्या गोळा करते. पत्रात कैद्यांची नावं आहेत, काराबाखमधल्या चर्चेस आणि कबरस्तानांची यादी आहे, आणि निर्वासितांना आपली घरं पाहायला तरी जाऊ द्यावं अशी मागणी आहे. सीमा कुठून जावी याबद्दल त्यात एक अक्षर नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की ते तिकडचे लोक ठरवतील. आजोबांनी सही केली, जरा कुरकुरत. बेकरीतल्या बाईंनी केली, मीही केली.